बाळाला शी होत नाही? दिवस मोजण्याआधी दुपटं बघा

तान्हं बाळ घरात असलं की शीचा हिशेब सगळेच ठेवतात. आजी "आज चौथा दिवस गं" म्हणते आणि घरभर काळजी पसरते. पण बद्धकोष्ठ दिवसांवरून ठरत नाही, शी कशी आहे यावरून ठरतं. अंगावर पिणारं बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की कधी दिवसातून चारदा शी करतं, कधी पाच-सहा दिवसांतून एकदाच. शी मऊ असेल, पोट मऊ असेल, दूध नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर काहीच करू नका. पहिल्या महिन्यात मात्र शी-शू कमी असेल तर दूध पुरत नसण्याची शक्यता असते. तेव्हा लगेच दाखवा.

बाळ लाल होऊन कुंथतं, दहा-पंधरा मिनिटं रडतं आणि मग मऊ शी करतं, असंही होतं. पोटाचा जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे हे त्याला अजून जमत नसतं. काही आठवड्यांत आपोआप जमतं. कडक लेंड्या दिसल्या, तरच पुढचं करा.

आधी वरच्या दुधाचा डबा तपासा. बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण लिहिलेलं असतं. पाणी आधी मोजायचं, मग पावडर. "अंगाला लागू दे" म्हणून चमचा शीग लावून भरला, की शी कडक होते.

मग हातांनी मदत करा. दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाला की बाळाला उताणं निजवून सायकल चालवल्यासारखे पाय हलवा, गुडघे हळूच पोटाशी न्या. कोमट हातांनी बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चोळा. कोमट पाण्याची आंघोळही पोट सैल करते.

सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको. त्यानंतर खाण्याबरोबर चार-सहा चमचे पाणी, रात्री भिजवून कुस्करलेल्या आणि गाळलेल्या काळ्या मनुका, पिकलेली पपई, पेअर, शिजवलेला दुधी द्या. नुसती पेज आणि केळं यांवर बाळाला ठेवू नका. वर्षानंतर गायीचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. दुधानेच पोट भरलं तर वरणभाताला जागा राहत नाही.

आता जे करायचं नाही ते. तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालू नका, मग सुईण असो वा शेजारच्या काकू, कुणीही सांगो. आतली नाजूक कातडी सोलवटते आणि बाळाला त्याचीच सवय लागते. एरंडेल नको. वर्षाच्या आत मध तर चाटवूही नका, गुटीतूनसुद्धा. त्यातल्या जंतूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जुलाबाचं औषध किंवा ग्लिसरीनची कांडी डॉक्टरांनी सांगितली तरच.

हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, शीमध्ये रक्त, ताप किंवा दूध नाकारणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, रात्र असली तरी निघा. जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नव्हती का, तेही डॉक्टरांना सांगा. आतड्याच्या जन्मजात दोषाचा तो इशारा असू शकतो. आणि निघताना दुपट्याचा फोटो मोबाइलवर काढून घ्या. दवाखान्यात "कडक म्हणजे नक्की कशी?" हे शब्दांत सांगणं भल्याभल्यांना जमत नाही.