चहा फाटला की दुधाला शिव्या देऊ नका

आमच्या नात्यागोत्यात कोणाचाही चहा फाटला की फोन मला येतो. "काकू, दूध तर सकाळचंच होतं हो!" असं रडकुंडीला येऊन सांगतात. मी एवढंच विचारते, आलं कधी घातलंस? पलीकडे एकदम गप्प.

हा प्रश्न माझा नाही. आमच्या गवळ्यानं तो मला विचारला होता, आणि तेव्हा गप्प बसायची पाळी माझ्यावर आली होती.

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची शांत होती. साडेसहालाच गुरुजी हजर. पूजेआधी खायचं नसतं, चहा मात्र चालतो, किंबहुना लागतोच. घरात पंचवीस माणसं, तीन लिटर म्हशीचं दूध आणि मी नैवेद्याच्या धबडग्यात. नणंदेचा मुलगा पुढे आला. "मामी, तू बाजूला हो, चहा मी करतो." इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, म्हणजे जगातलं सगळंच येत होतं. वेळ वाचावा म्हणून त्यानं दूध आणि पाणी एकदमच पातेल्यात ओतलं, पावशेर आलं मिक्सरमधून फिरवून त्यातच लोटलं आणि उतू जायला नको म्हणून गॅस बारीक करून मोबाइल बघत उभा राहिला.

वीसेक मिनिटांनी त्याची हाक आली. जाऊन बघते तर वर पांढऱ्या गुठळ्या आणि खाली हिरवट पाणी. पनीरच! गुरुजी घड्याळाकडे बघताहेत, सासरे माझ्याकडे. मी सरळ गवळ्याला फोन लावला आणि चारचौघांत बोलू नये ते बोलले. तो बिचारा हातातलं काम टाकून तसाच आला. फ्रिजमध्ये अर्धा लिटर त्याचंच दूध उरलं होतं, ते त्यानं माझ्याच गॅसवर माझ्यासमोर तापवलं. दूध झकास वर आलं, साय धरली, फाटायचं नाव नाही. मग त्यानं शांतपणे विचारलं, "वहिनी, आलं कधी घातलंत?"

तर कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं. प्रथिनं तोडणं हे त्याचं काम. चीज करताना दूध साकळावं म्हणून रेनेट घालतात, तसंच हे दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनावर तुटून पडतं. ६० अंशांच्या आसपास त्याला सगळ्यात जास्त चेव येतो आणि खळखळ उकळलं की ते निकामी होतं. म्हणजे भाच्यानं बारीक गॅसवर दूध हळूहळू तापवून त्याला हवं ते, हवं तितका वेळ दिलं. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात तर याच गुणावर एक गोड पदार्थ करतात. वाटीत आल्याचा ताजा रस घेऊन त्यावर गरम दूध ओततात, काही मिनिटांत दह्यासारखं लागतं. आमच्याकडे तो पंचवीस माणसांपुरता झाला, न ठरवता.

उपाय सोपा आहे, फक्त दम धरावा लागतो. आलं गार पाण्यातच घालायचं आणि उकळी फुटल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळू द्यायचं. दूध त्यानंतर. दोन कपांना अंगठ्याच्या पेराएवढं आलं मला पुरतं, स्वच्छ धुऊन, सालीसकट, खलबत्त्यात दोन ठोसे देऊन. किसू नका असं माझं म्हणणं नाही, पण किसलेल्याचा चोथा गाळणीत बसतो आणि मग चहा थेंबथेंब उतरतो. "ताजं आलं शेवटी घातलं की स्वाद टिकतो" हे हल्ली व्हिडिओत सांगतात. टिकतो ना! प्यायला दूध टिकत नाही एवढंच.

खरं तर बहुतेक चुकांचं मूळ तेच आहे. सगळ्यांना दूध ओतायची घाई. आधणातला चहा काळा दिसतो, दूध पडलं की "झाला" असं वाटतं. पण आलं असो, मसाला असो, जे काय उतरायचं ते पाण्यात चांगलं उतरतं. घट्ट दुधात आल्याची धार जाते, वर साय धरायला लागते आणि तुम्ही चमचा घेऊन उतू जाण्याशी झुंजत बसता.

गुळाचा चहा

हे दुसरं प्रकरण. हमरस्त्यावर जिथे तिथे गुळाच्या चहाचे फलक लागल्यापासून घरोघरी प्रयोग चालू आहेत, आणि माझा फोनही. इथे गुन्हेगार आलं नसतं, गूळच असतो. साखर दुधाला त्रास देत नाही. गुळाला मात्र थोडी आम्लता असते, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधाला तेवढं निमित्त पुरतं. गूळ जुना, पाझरलेला असेल तर विचारूच नका, आंबटपणा वाढलेला असतो. एकदा नीट होतो आणि दुसऱ्यांदा फाटतो तो म्हणूनच. गुळाची ढेप बदललेली असते.

माझी पद्धत आईकडून आलेली. चहा बिनसाखरेचा पूर्ण करायचा, दूध घालून उकळी आणून. गॅस बंद. किसलेला गूळ कपात ठेवायचा आणि वरून चहा गाळायचा, ढवळायचं, प्यायचं. परत गॅसवर चढवायचा नाही म्हणजे नाही. गार झाला तर दैव तुमचं. काही जण गूळ पाण्यात विरघळवून, उकळून, त्यात तापवलेलं दूध गॅस बंद केल्यावर घालतात. तेही चालतं, पण दूध फ्रिजमधलं नको, कढतच हवं.

आणि चिमूटभर खायचा सोडा घालू नका! आंबटपणा मारला जातो हे खरं, म्हणून फाटत नाही. पण रंग काळपट येतो आणि चव साबणाच्या पाण्याकडे झुकते. एका घरी मला असा चहा मिळाला होता. मी संपवला, कारण वाढणारी बाई समोर उभी होती.

पावडर आणि तिचे हाल

घरी येतो तो बहुतेक सीटीसी चहा असतो, बारीक गोल दाण्यांचा. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. पान चिरडून, फाडून, वळून घेतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा झपाट्यानं उतरतो. मग त्याला दहा मिनिटं उकळायचं कारण काय? काढा होतो, जीभ आवळून येते. आणि कडूपणा झाकायला लोक आणखी साखर घालतात. कडक हवा असेल तर पावडर अर्धा चमचा वाढवा, वेळ नको. दोन कपांना सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध, दोन सपाट चमचे पावडर हे माझं माप. आलं उकळलं की पावडर, दीड-दोन मिनिटं, मग कढत दूध, गॅस मोठा, दोन उकळ्या वर येऊ द्यायच्या, बंद, झाकण. मिनिटभरानं गाळायचा.

पावडरीचा डबा मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवू नका. चहा वास पटकन ओढून घेतो. हिंगाचा चहा मी प्यायले आहे.

मसाल्याबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर भांडण होईल. चहाच्या मसाल्यात लवंग जास्त झाली की दातदुखीची आठवण येते. दालचिनीची पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते आणि कपाच्या तळाशी गाळ होऊन बसते, तेव्हा तुकडाच घाला. वेलदोडा सालीसकट ठेचून दूध घातल्यावर, आलं पाण्यात. एका चहात दोन स्वाद, तिसरा आला की कोणाचाच कोणाला पत्ता लागत नाही. आमचा रोजचा चहा आलं-वेलचीचा, पावसाळ्यात आलं-गवती चहा. गवती चहाची पात कात्रीनं कापून आल्याबरोबरच घाला. शेवटी वरून टाकलेली पात नुसती शोभेची.

चहावर तेलकट तवंग, रंग मातकट, चवीला मेंगळट? पावडर बदलू नका, आधी पाणी बघा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर आला की पहिली तक्रार चहाची असते. बोअरचं जड पाणी चुन्यानं भरलेलं, त्यात चहा फुलतच नाही. चहापुरतं पाणी फिल्टरचं घ्या.

उरलेला चहा पावडरीसकट तसाच ठेवून संध्याकाळी तापवू नका. गाळून ठेवला असेल तर एकवेळ ठीक, तोही मला चालत नाही, आमच्या ह्यांना चालतो.

प्रीमिक्सबद्दल मला विचारू नका.

आणि गाळणीतला चोथा चमच्यानं दाबून शेवटचा घोट काढायची सवय सोडा, सगळा कडूपणा त्याच घोटात उतरतो. चोथा गुलाबाला घालणार असाल तर दोन पाण्यांनी धुऊन घाला. दूध-साखर लागलेला तसाच टाकलात तर कुंडीत मुंग्यांचं वारूळ होतं.