जळगावच्या उन्हाळ्यात क्वेसारचे क्ष-किरण

जळगावहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी सक्रिय दीर्घिकांच्या (केंद्रातील कृष्णविवर वायू गिळत असल्याने प्रखर झालेल्या तारकासमूहांच्या; क्वेसार त्यांतलेच) क्ष-किरणांचा विषय घेतला, तेव्हा रावेर तालुक्यातील आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो दुर्बीण कुठे ठेवणार हा. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, म्हणून त्यांच्या दुर्बिणी अवकाशात फिरतात. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ २०१५ पासून, तर ‘चंद्रा’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ १९९९ पासून. त्यांची जुनी निरीक्षणे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यामुळे गावाचे आकाश काळेभोर नसले तरी चालते. लिनक्सचा संगणक आणि अखंड वीज मात्र हवी, आणि आमच्याकडे मे महिन्यात यांपैकी दुसरीच अधिक दुर्मीळ असते.

दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवती तप्त वायूची चकती फिरते. तिच्यातून निघालेले अतिनील फोटॉन जवळच्या, सुमारे १०० कोटी अंश तापमानाच्या विरळ इलेक्ट्रॉनांच्या ढगात ऊर्जा मिळवतात आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. ही तेजस्विता तासाभरात ठळकपणे बदलली, तर उगमस्थान एका प्रकाश-तासाहून, म्हणजे सुमारे १०८ कोटी किलोमीटरहून, फारसे मोठे असू शकत नाही. जे कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे दिसत नाही, त्याचा आकार केवळ घड्याळ लावून ठरवता येतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

नवागत बहुधा सापेक्षतेच्या पुस्तकांपासून सुरुवात करतात, मीही केली. रोजचे काम मात्र मोजणीचे असते. शोधक एकेक फोटॉन टिपतो, आणि ऊर्जेच्या एका खान्यात जेमतेम चार-पाच फोटॉन असताना, प्रारूप मोजणीशी किती जुळते ते सांगणारी नेहमीची काय-स्क्वेअर चाचणी फसवते. तेथे मोजक्या घटनांच्या मोजणीसाठी असलेली पॉयसाँची सांख्यिकीच लागते. ती एम.एस्सी.तच पक्की करावी. पीएच.डी.च्या प्रवेशासाठीच्या नेट-जेस्ट या परीक्षांची तयारी त्यासोबत होतेच.

माझी फजिती वेगळीच झाली. वर्णपटाला प्रारूप जुळवणाऱ्या ‘एक्सस्पेक’ या संगणक-प्रणालीत, वाटेत कमी ऊर्जेचे क्ष-किरण शोषणाऱ्या आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजनचा आकडा द्यावा लागतो, आणि त्याचे एकक १ वर २२ शून्ये इतके अणू दर चौरस सेंटिमीटरला, असे आहे. मी ०.०२ ऐवजी ०.२ लिहिले आणि १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) याखाली वर्णपटात प्रारूपाहून मोठे आधिक्य दिसू लागले. असे आधिक्य अनेक सक्रिय दीर्घिकांत खरोखरच आढळते व त्याच्या कारणाविषयी आजही मतभेद आहेत, म्हणून मी तीन दिवस हरखून प्रारूपे रचत बसलो. ती उत्तम जुळतही होती, हे अधिक भयंकर. मार्गदर्शकांनी काही न बोलता त्या आकड्यावर बोट ठेवले.

पहिल्या सरावासाठी मी ‘अराकेलियन १२०’ ही सक्रिय दीर्घिका सुचवेन, कारण तिच्या केंद्रासमोर तिचा स्वतःचा आडवा येणारा वायू जवळजवळ नाही. लोहाची ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा तिथे ताम्रसृतीमुळे (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची ऊर्जा घटल्यामुळे) ६.२ च्या आसपास दिसेल. ती तिथे दिसली म्हणजे उपकरण बिघडलेले नाही.