दोन क्लायंट, एक लॅपटॉप आणि लाराव्हेल सेल

माझ्याकडे दोन क्लायंटची कामं एकदमच चालू असतात. एकाचा सर्व्हर पीएचपी ८.१ वर, दुसऱ्याला ८.३ हवं. झॅम्पमध्ये (लॅपटॉपवर वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र चालवणारं पॅकेज) फोल्डरांची नावं बदलून मी पीएचपी पालटायचो. एकदा भलतंच फोल्डर उडवलं आणि सोमवारची अख्खी सकाळ निस्तरण्यात गेली. तेव्हापासून डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टचं पीएचपी, डेटाबेस वगैरे वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन. आणि पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कसाठी डॉकर सोपं करणारं सेल.

विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू हे लिनक्स घ्या आणि प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरही चालतं, पण व्हेंडर फोल्डरमधल्या (इथे तयार पॅकेजेस असतात) हजारो फायली विंडोजकडून मागवाव्या लागतात. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

मग कंपोजरने (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) सेल पॅकेज डेव्ह डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटपुरतं, घ्या आणि लाराव्हेलच्या आर्टिसन या कमांड-साधनाची 'सेल इन्स्टॉल' कमांड चालवा. कोणत्या सर्व्हिसेस हव्यात, असं विचारेल. मी फक्त मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि मेलपिट (ॲपने पाठवलेले मेल तपासायला) घेतो. रेडिस, मेलीसर्च वगैरे 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून निवडू नका. माझ्या ८ जीबी रॅमला तेवढ्यानेच धाप लागते. पीएचपीची आवृत्ती बदलायची तर कंपोज फायलीत (कंटेनर कसे उभारायचे ते इथे लिहिलेलं असतं) रनटाइम्सचा पाथ आणि इमेजचं नाव, दोन्हीकडे ८.१ चं ८.३ करा आणि कॅश न वापरता सेल बिल्ड करा.

आता 'सेल अप', म्हणजे सगळे कंटेनर सुरू करा. इथे झॅम्प आडवा येतो, कारण ८० आणि ३३०६ हे पोर्ट त्याने आधीच धरलेले असतात. डॉट ईएनव्ही फायलीत (प्रोजेक्टच्या सेटिंग्जची फाइल) ॲप पोर्ट ८०८० आणि फॉरवर्ड डीबी पोर्ट ३३०७ लिहा. पण डीबी पोर्ट ३३०६ च राहू द्या! ३३०७ हा फक्त बाहेरचा दरवाजा आहे, टेबलप्लस किंवा डीबीव्हर अशा डेटाबेस बघायच्या ॲपने आत डोकावण्यापुरता.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर डीबी होस्ट बघा. जुनी डॉट ईएनव्ही चिकटवली की तिथे १२७.०.०.१ असतो. कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि डेटाबेस तर शेजारच्या घरात. म्हणून होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव लिहायचं: मायएसक्यूएल. हे नाव तुमच्या विंडोजला किंवा बाहेरच्या टर्मिनलला कळत नाही, त्यामुळे मायग्रेट (डेटाबेसमधली टेबलं बनवणारी कमांड) सुद्धा 'सेल आर्टिसन' लावूनच चालवा.

डीबी पासवर्ड मागाहून बदललात तर लॉगिन होणार नाही. मायएसक्यूएल तो पहिल्यांदा व्हॉल्यूम (डेटाबेसचा डेटा साठवायची डॉकरची जागा) तयार होताना वाचतं, पुन्हा नाही. इंटरनेटवर उपाय सापडतो: कंटेनर बंद करणाऱ्या 'सेल डाउन' ला '-v' जोडा. पासवर्ड सुटतो खरा, पण व्हॉल्यूम जातो, म्हणजे डेटाही. क्लायंटने फोनवर सांगून माझ्याकडून हाताने भरून घेतलेली दीडशे उत्पादनं मी अशीच घालवली. ती आता सीडरमध्ये (डेटाबेसमध्ये डेटा पुन्हा भरून देणारा कोड) आहेत.