टुरिंग बाइकच्या डॅशवर सजावटी इन्सर्ट कसे बसवावेत

खान्देशात डॅशचा इन्सर्ट, म्हणजे मीटरभोवतीच्या भागावर चिकटवायची सजावटी पट्टी, सुटतो तो बहुतेक वेळा उन्हाने आणि घाईने. त्यामुळे आधी वेळ ठरवा. इन्सर्टमागची दुहेरी ॲक्रिलिक फोम टेप साधारण २१ ते ३८ अंश तापमानात चांगली धरते. म्हणजे एप्रिल-मे मध्ये भुसावळची दुपार बाद, आणि पौषातली गारठ्याची सकाळही बाद. उन्हाळ्यात सकाळी लवकर, हिवाळ्यात दुपारी, आणि दोन्ही वेळा सावलीतच काम करा.

गोल्डविंग, हार्लेसारख्या गाड्यांना मापात कापलेले तयार संच मिळतात. रॉयल एनफिल्ड हिमालयनसारखी गाडी असेल तर रेडियमवाल्याकडून कार्बन फायबरसारखं दिसणारं व्हिनाइल स्टिकर कापून घ्या, काम भागतं. क्रोम दिसतो झकास, पण डोक्यावरचं ऊन त्यावरून थेट डोळ्यात येतं. धुळे-जळगाव रस्त्यावर रोज धावणाऱ्याने मॅटच घ्यावा, असं माझं मत.

आता खरं काम, म्हणजे सफाई. महामार्गावरची धूळ आणि डॅशला लावलेलं चकाकी पॉलिश, दोन्ही टेपचे वैरी. त्यातही पॉलिशमधलं सिलिकॉन डोळ्यांना दिसत नाही आणि टेपला धरू देत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती, धागे न सोडणाऱ्या कापडावर घेऊन दोनदा पुसा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लास्टिक पांढरं पडतं. पुसल्यावर बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही पुरेसं असतं.

टेपचा कागद न काढता इन्सर्ट जागेवर ठेवून पाहा. इशारा-दिवे, किल्लीचं भोक, चार्जिंग सॉकेट झाकलं जात नाही ना? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठे घासत असेल तर तिथली कडा छाटा. जागा पक्की झाली की कडेने कागदी टेपच्या खुणा करा.

सगळा कागद एकदम सोलू नका, हे महत्त्वाचं. दोन टोकांचा थोडा सोलून बाहेर दुमडून ठेवा, इन्सर्ट खुणांवर हलकेच टेकवा, सरळ दिसला की दुमडलेली टोकं धरून उरलेला कागद ओढा. मग अंगठ्याने मधून कडेकडे जोरात दाबत जा. चिकट एकदा बसलं की सरकत नाही.

टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही, भर उन्हात उभी करायची नाही आणि तोरणमाळच्या घाटात तर न्यायचीच नाही. नंतर धुतानाही वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाइप कडांवर रोखू देऊ नका.

पुढे कधी काढायचा झाला तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि दातांचा फ्लॉस मागून करवतीसारखा ओढत न्या. उरलेला गोंद बोटाने घासून गोळा होतो, बाकीचा अल्कोहोलने जातो.