नंबर सापडला म्हणजे विमान सापडलं असं नाही

जुन्या विमानांचे तुकडे ओळखायच्या कामाला लागल्यावर माझ्या हाती आलेला पहिला तुकडा म्हणजे वीतभर लांबीची एक ब्रॅकेट. बरीच वर्षं मातीत पडलेली, कडा वाकलेल्या, एका कोपऱ्यात हिरवट-करड्या रंगाचा पापुद्रा तेवढा उरलेला. भिंगाखाली धरली तर ठोकलेला नंबर दिसला, ३०० ने सुरू होणारा. सुपरमरीन कंपनीचा टाइप ३०० म्हणजे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा मूळ आराखडा, हे मला पाठ होतं. त्याच संध्याकाळी मी नोंदवहीत लिहून टाकलं: ‘स्पिटफायर, मार्क १’.

दुसऱ्या दिवशी मला शिकवणाऱ्या वयस्कर मेकॅनिकनी ती नोंद वाचली, ब्रॅकेट उलटी केली आणि विचारलं, “मागची पट्टी बघितलीस का?” मागे चार रिव्हेटनी बसवलेली बोटभर रुंदीची पट्टी होती. मातीचा थर असल्यामुळे मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. तिच्यावरचा नंबर ३६१ ने सुरू होत होता. टाइप ३६१ म्हणजे मार्क ९ आणि मार्क १६, याच विमानाच्या नंतरच्या आवृत्त्या. मार्क ९ सेवेत आलं १९४२ मध्ये. माझी नोंद काही वर्षांनी चुकली होती.

स्पिटफायरचा नमुना ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडाला. पुढे इंजिनं बदलली, पंख बदलले, पण जो भाग बदलायची गरज पडली नाही त्याचं ड्रॉइंग कारखान्याने पुन्हा काढलं नाही. म्हणून ३०० नंबरचे भाग पुढच्या कितीतरी मार्कांत सापडतात. नंबर सांगतो तो भाग कोणत्या ड्रॉइंगवरून बनला, कोणत्या विमानात बसला होता ते नाही. जोडकामातला, म्हणजे अनेक तुकडे जोडून झालेल्या भागातला, सगळ्यात उशिराचा तुकडा धरायचा आणि जोडकाम त्याच्या आधीचं असूच शकत नाही, एवढंच पक्कं मानायचं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो.

मुळात प्रत्येक आकडा पार्ट नंबर नसतोच. ओतीव भागावर उठावदार आलेला नंबर बहुतेक वेळा ओतकामाचा असतो. मशीनवर काम झाल्यानंतर ठोकलेला किंवा शाईने लिहिलेला नंबर वेगळा असतो, आणि कामाचा तो दुसरा. छोट्या वर्तुळातली अक्षरं म्हणजे तपासनिसाचा शिक्का. त्यावरून विमान शोधायला बसलं तर दिवस वाया जातात. अमेरिकी भागावर ‘एएन’ दिसलं तर ते आर्मी-नेव्ही मानक. एएन३ बोल्टची जाडी ३/१६ इंच, एएन४ ची ४/१६, म्हणजे पाव इंच. असा बोल्ट शिकाऊ विमानातही असेल आणि बॉम्बरमध्येही. ब्रिटिश उपकरणांवर राजमुकुट आणि ‘एएम’ (एअर मिनिस्ट्री, म्हणजे हवाई मंत्रालय) ही अक्षरं असतात, सोबत भांडाराचा संदर्भ क्रमांक: ६ए म्हणजे उपकरणं, ५सी म्हणजे विजेचं सामान, १४ए म्हणजे कॅमेऱ्याचं. वस्तू काय आहे ते त्यातून झटकन कळतं, पण ती कोणत्या विमानातून निघाली ते कळत नाही. ‘एएसएसवाय’ हे जोडकामाचं संक्षिप्त रूप आहे. ते कंपनीचं नाव समजून शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

साफसफाईची घाई करू नका. तारेचा ब्रश तर लावूच नका. शाईचा नंबर, रंगाचा थर, पिवळट-हिरवं झिंक क्रोमेट प्रायमर हे सगळं पुरावा आहे, आणि ते एकदा खरवडलं की गेलं. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी फोटो काढायचे. मग साधं पाणी आणि मऊ ब्रश. पुसट झालेला नंबर वाचायचा असेल तर खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायची. अक्षरांच्या सावल्या पडतात. तेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची. माझ्या ब्रॅकेटच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा या कागदानेच दिला.

नंबर मुळीच नसेल तेव्हा रिव्हेटकडे वळा. अमेरिकी रिव्हेटच्या डोक्यावर बारीक खळगा असेल तर तो २११७ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, दोन उठावदार रेघा असतील तर २०२४ चा. पत्र्यावर ‘२४एस-टी’ असा छाप असेल तर तो जुन्या पद्धतीचा. मिश्रधातूंचे चार आकडी क्रमांक १९५४ मध्ये आले. रिव्हेटमधलं अंतर मोजा आणि ते इंचात सरळ बसतं की मिलिमीटरमध्ये, ते पाहा; त्यावरून ड्रॉइंग इंचातलं होतं की मिलिमीटरमधलं, याचा अंदाज येतो.

आटे सुद्धा बोलतात, पण त्यांचंही म्हणणं तपासून घ्यावं लागतं. व्हिटवर्थ या ब्रिटिश पद्धतीच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकी आणि मेट्रिक आट्याचा ६०. पण पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत बनवलेल्या मर्लिन या ब्रिटिश आराखड्याच्या इंजिनात ब्रिटिश आटेच ठेवले होते, कारण सुटे भाग दोन्हीकडे चालायला हवे होते. इथेही आटा ड्रॉइंगची ओळख देतो, कारखान्याची नाही.

अनुभवी माणसांचीही किती वर्षं यात जातात याचं उदाहरण प्रशांत महासागरातल्या निकुमारोरो बेटावरचं आहे. १९९१ मध्ये तिथे ॲल्युमिनियमचा एक पत्रा मिळाला. १९३७ मध्ये बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिक ॲमेलिया इअरहार्टच्या इलेक्ट्रा विमानाच्या खिडकीवर लावलेलं हे ठिगळ असावं, असा अंदाज मांडला गेला. त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. शेवटी रिव्हेटच्या ओळी जुळल्या त्या डग्लस सी-४७ या मालवाहू विमानाच्या पंखाशी. मला त्या संशोधकांबद्दल आदर वाटतो, कारण स्वतःच्या आवडत्या अंदाजाविरुद्ध गेलेली जुळणीही त्यांनी स्वीकारली.

आता धोक्याचं, आणि हे कृपया वरवर वाचू नका. जुन्या डायलवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असू शकतं. डायल अंधारात चमकत नाही म्हणजे ती निर्धोक झाली असं मुळीच नाही. चमक देणारं झिंक सल्फाइड थकतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका वाटणारा ओतीव भाग मॅग्नेशियमचा असू शकतो. त्यावर ग्राइंडर चालवू नका. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग भडकते. इजेक्शन सीटचा कोणताही भाग आला तर त्यातली काडतुसं जिवंत आहेत असंच समजून हात मागे घ्या.

तुकडा कुठून आला, हे मी आता नंबरच्याही आधी विचारतो. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार कोसळलेल्या लष्करी विमानाची जागा परवान्याशिवाय खणता येत नाही. तिथे वैमानिकाचे अवशेष असू शकतात. ज्याने तुकडा उचलला त्याला जागा, खोली आणि शेजारी काय होतं हे आठवत असेल तर ते त्याच दिवशी लिहून घ्यायचं. आठवण नंबरपेक्षा लवकर पुसते.

एवढं झाल्यावर भागांची सचित्र यादी उघडायची. स्पिटफायरसाठी ती ए.पी. (एअर पब्लिकेशन) १५६५ या प्रकाशनमालेत मिळते. नुसता नंबर जुळून भागत नाही. भोकांची संख्या, त्यांतलं अंतर, वाकाचा कोन, सगळं चित्राशी ताडून पाहायचं. अनेक कारखान्यांत विषम नंबर डाव्या बाजूचा आणि सम उजव्या बाजूचा असे, तेही बघून घ्यायचं.

ती ब्रॅकेट अजून आमच्या कपाटात आहे. पहिली नोंद मी खोडलेली नाही, तिच्यावर एक रेघ मारली आहे. खाली लिहिलं आहे: ‘स्पिटफायर, बहुधा मार्क ९ किंवा १६. मूळ भाग टाइप ३०० च्या ड्रॉइंगवरून, मागची पट्टी टाइप ३६१ ची. नेमकं विमान अज्ञात.’