पट्टीवर हमाली शून्य

जळगावच्या पहिल्या नोकरीत माझ्या गळ्यात पडलं रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं बिलिंग सॉफ्टवेअर, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. माल मोजला की शेतकऱ्याची पट्टी छापायची: वजन, भाव आणि त्यातून हमाली, तोलाई वजा. एके सकाळी त्याचा फोन, "भाऊ, कालपासून हमाली कटतच नाहीये." बघितलं, तर हमालीपुढे शून्य. एरर नाही, लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) ओळ नाही.

अख्खी दुपार गेली. क्लासमध्ये (कोडच्या साच्यात) वर हमालीची प्रॉपर्टी, म्हणजे रक्कम ठेवायचा नाव दिलेला कप्पा, शून्य देऊन लिहिलेली होती. मी मात्र नव्या फंक्शनमध्ये रक्कम भरताना तिच्या रोमन स्पेलिंगात एक 'ए' जास्त टाकला होता. पीएचपीने चकार शब्द न काढता त्या नावाची दुसरीच प्रॉपर्टी तयार केली आणि पैसे तिच्यात ठेवले. छपाई पहिलीतून वाचत होती. (मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची आपली सवय. तोलाईचं स्पेलिंग आमच्या ऑफिसात दोघांचं कधी जुळलं नाही.)

तेव्हा सर्व्हरवर पीएचपी ७.४ होतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ८.२ पासून अशी आयत्या वेळची, वर न लिहिलेली प्रॉपर्टी डेप्रिकेटेड (पुढे बंद होणारी) आहे. कोड चालतो, पण लॉगमध्ये क्लास आणि प्रॉपर्टीच्या नावासकट इशारा येतो. ९.० मध्ये थेट एरर द्यायचं ठरलंय.

आम्ही ८.२ वर गेलो आणि लॉग भरून वाहायला लागला. कुणीतरी सुचवलं, प्रत्येक क्लासवर 'अलाव डायनॅमिक प्रॉपर्टीज' (अशा प्रॉपर्टी चालू द्या, अशी खूण) हे अ‍ॅट्रिब्यूट चिकटवून मोकळे व्हा. इशारा बंद होतो, खरंय. पण मग हमाली पुन्हा हरवली तरी कळणार नाही. एखाद्या जुन्या लायब्ररीला ते ठीक, स्वतःच्या कोडला नको. खरंच मोकळं पोतं हवं असेल तर पीएचपीचा तयार एसटीडी-क्लास आहे, त्याला हा नियम लागत नाही.

मी लॉगमधलं एकेक नाव उचलून क्लासच्या वर प्रायव्हेट (फक्त त्या क्लासपुरतं) म्हणून लिहीत गेलो, सोबत टाइपही (आत आकडा की मजकूर). इथे नवखे हमखास अडकतात, मीही अडकलो: टाइप दिला आणि सुरुवातीची किंमत दिली नाही, तर ती प्रॉपर्टी नल (रिकामी किंमत) नसते. भरण्याआधी वाचली की प्रोग्राम थांबतो. कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लासमधून ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) येणाऱ्या गोष्टी तिथल्या तिथेच जाहीर करता येतात, ८.० पासून, लिखाण निम्मं होतं.

यादी करताना तोलाई दोन स्पेलिंगांनी सापडली. गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं, तर नाव माझंच.