कबड्डीचा संघ बांधताना या चुका टाळा

1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने कबड्डीचे नियम छापून काढले. त्याच शहरात आज दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची पोरं संघ निवडतात कसा? जो जास्त गुण आणतो तो आत, बाकीचे 'भरती'. मग पहिल्याच फेरीत घरी.

सगळ्यांत महागडी चूक म्हणजे एकाच धाटणीचे चढाईपटू घेणं. चढाईपटूची डावी बाजू ही समोरच्यांचा उजवा कोपरा. एका मंडळाकडे तिघे तडाखेबंद होते, पण तिघेही डावीकडूनच शिरणारे. समोरच्या कर्णधाराने दोनचार चढायांतच ते हेरलं. टाचेला झोंबणारा आपला गडी त्याने डाव्या कोपऱ्यातून उचलून उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि शेजारी दणकट मध्यरक्षक दिला. तिघेही एकामागून एक त्याच सापळ्यात गेले. मैदानात उरले चौघे पकडवाले, ज्यांना चढाईला जायची सवयच नव्हती. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर जाणारा बाद. चौघे असेच संपले, सगळा संघ बाद होऊन लोण चढला, समोरच्यांना वरचे दोन गुण मिळाले. मध्यंतरात भांडण मात्र 'नशिबा'वरून चाललं होतं.

म्हणून निवडताना एक डावीकडचा, एक उजवीकडचा आणि तिसरा बोनसवाला, म्हणजे समोरच्यांची बोनस रेषा ओलांडून गुण आणणारा घ्या. बोनसवाल्याचीही वेळ असते. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि बोनसने आपला बाद गडी आत येत नाही. मुख्य कोपरारक्षक बाहेर बसलेला असताना बोनस गोळा करणाऱ्याला पाठवून टाळ्या मिळतील, पण कोपरा रिकामाच राहील. तेव्हा गडी मारणाराच पाठवा.

दुसरी चूक पकडीतली. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक, दोघेही उतावळे. चढाईपटू नुसता पाय पुढे करतो, दोघे एकदम झेपावतात, तो दोघांना शिवून मध्यरेषा गाठतो. दोघेही थंड डोक्याचे असले तर समोरच्याला बोनस फुकट मिळतो. जोडी विजोड हवी. कोपरारक्षक वाट बघणारा हवा. चढाईपटू परतायला वळला की त्याने घोटा धरायचा. मध्यरक्षक झडप घालणारा हवा, पण घोटा धरलेला दिसल्याशिवाय त्याने हलायचं नाही. दिसताच मात्र आडवं जाऊन परतीची वाट बंद करायची. तो अर्धा क्षण उशिरा आला तर चढाईपटू कोपरारक्षकाला फरफटत रेषेपर्यंत नेतो.

हे मोबाईलवर पकडीचे व्हिडिओ बघून येत नाही. ठरलेल्या जोडीवर रोज वीस चढाया घाला, जोडी न बदलता. पहिल्या आठवड्यात घोटे सुटतील, शिव्या होतील. 'सगळ्यांना सगळं आलं पाहिजे' म्हणत रोज जागा बदलणाऱ्यांची घाई समजते, पण त्यांच्या पकडी स्पर्धेत लागत नाहीत.

राखीव पाचांत पाचही चढाईवाले नकोत. दोन्ही बाजूंचा एकेक कोपरारक्षक आणि एक मध्यरक्षक हवाच.

कर्णधार चढाईपटू असेल तर तो बाद झाल्यावर आत बोलणारा कोण, हे आधीच ठरवा. शक्यतो कोपऱ्यातला गडी ठेवा, त्याला पकडवाल्यांची सगळी साखळी दिसते.

तीन किंवा कमी गडी उरले की नवशिके जीव वाचवायला मागे सरकतात. तिथेच अव्वल पकडीचा, म्हणजे इतक्या कमी गड्यांनी केलेल्या पकडीचा, जादा गुण असतो. पण त्या तिघांत एक कोपरारक्षक नसेल तर ती पकड विसरा. म्हणून आपले चार उरले असताना चढाईला कोपरारक्षकाला पाठवू नका, गुण आणावाच लागणारी तिसरी चढाई असली तरीही.